पुसलेली कपाशी

कापूस फुटला की मलकापुरात रुई उडायला लागते. जिनिंगच्या कारखान्यांतून निघते आणि बसायला जागा शोधत गावभर फिरते. मिशीवर बसते, चहाच्या सायीवर बसते, दोरीवरच्या धोतरावर बसते. रेल्वेच्या पुलावर उभं राहिलं तर गाडी गेल्यावर रुळांमधून एक पांढरी झुळूक उठते आणि पुन्हा खाली पडते. परगावचा माणूस म्हणतो, काय सुंदर दिसतं. आम्ही खोकतो.

माझ्या घरात ही रुई सगळ्यात आधी दिव्यांवर बसते. एकोणीस दिवे आहेत. टेबलावर ठेवायचे, रॉकेलचे, जुन्या काळचे. कापसाच्या अडत्यांच्या आणि साहेब लोकांच्या घरात असायचे तसले. खाली पितळेची टाकी, तिच्यात वात, वातीभोवती काचेची उभी चिमणी, आणि त्या सगळ्यावर काचेची मोठी टोपी. टोपीवर हातानं काढलेलं काहीतरी असतं. गुलाब, पाखरं, नदी, होडी. माझी बायको सुभद्रा हे दिवे रोज पुसायची. यंदा चैत्रात ती गेली. सकाळी चहा ठेवला, पाटावर बसली, ती बसलीच. आता दिवे मी पुसतो. काम मला आवडत नाही. पण काचेवर रुई दिसली की हात जातो.

मागच्या मंगळवारी युसूफच्या सुनेचा फोन आला. युसूफ म्हणजे बसस्टँडजवळ स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचा तो. आता दुकान बंद आहे, त्याचा मुलगा तिथं मोबाइल विकतो. सून म्हणाली, "अब्बाच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू उतरला हाये. पुढच्या हप्त्यात ऑपरेशन हाये. तेच्या आधी कपाशीचा दिवा एकदा पेटलेला पाहायचा म्हनतेत. शुक्रवारी सांजच्याले आनू का?"

मी म्हणालो, हाव, आन त्याले. फोन ठेवला आणि मला घाम फुटला. थंडीच्या दिवसात.

कपाशीचा दिवा घरात आहे. त्याच्या टोपीवर युसूफनं स्वतःच्या हातानं कपाशीची फुलं काढली होती. ती फुलं आता नाहीत. मी धुऊन टाकली. चुकून नाही. जळून.

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. आता शुक्रवारी त्याला काय दाखवू, या काळजीत तीन दिवस गेले, आणि त्या तीन दिवसांत तो पंधरा वर्षांपूर्वीचा हिवाळा पुन्हा घरात येऊन बसला.

म्हातारपणी माणूस निवतो म्हणतात. मी नाही निवलो. शेजारचे नवरा-बायको सकाळी पाण्याच्या मोटारीवरून भांडतात. ती त्याला म्हणते, "तुमच्या डोक्यात भुसा भरेल हाये." मी भिंतीकडं कान करून ऐकतो आणि त्या भुसा भरलेल्या माणसाचा मला हेवा वाटतो. रस्त्यानं ट्रॅक्टर जातो, वेचणीहून परतणाऱ्या बायका ट्रॉलीत बसलेल्या असतात, कुणाचा तरी नवरा उतरताना हात देतो. मला तेही पाहवत नाही. सुभद्रा गेली त्या दिवशी युसूफ दारात उभा राहून ढसाढसा रडला. मला रडू आलं नाही. बायको माझी मेली होती आणि लोक पाणी त्याला देत होते.

माझा धंदा भंगाराचा. आधी हातगाडी, मग टेम्पो. चौथी शिकलो, पण तराजू चांगला कळायचा. आमच्या धंद्यात असले दिवे आले की रीत एकच. टोपी आणि चिमणी हातोडीनं फोडायची, काच उकिरड्यावर, पितळ तराजूत. काच कोणी घेत नव्हतं. अशा किती टोप्या मी फोडल्या असतील, मोजदाद नाही. आवाज मात्र लक्षात आहे. साधी काच कडकन फुटते. ही दुधी काच ठप्प करून बसते, गाडगं फुटल्यासारखी.

वनिताचं, आमच्या एकुलत्या मुलीचं, लग्न होऊन ती जळगावला गेली त्या वर्षीची गोष्ट. घर एकदम मोठं झालं होतं. थंडी पडली होती. दिवसातून दहा-बारा तास लाइट नसायची. एका अडत्याच्या पडक्या माडीवरून मी भंगार आणलं, त्यात एक दिवा होता. अंगणात बसून हातोडी उचलली तर सुभद्रानं माझं मनगट धरलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, तिनं असं मनगट कधी धरलं नव्हतं.

"थांबा ना. काय फोडून राह्यले तुमी? पाहा तरी."

"काय पाहू? पितळ दोन किलो भरंल."

"पितळ नाही. हे पाहा. पाखरू हाये."

होतं. निळं पाखरू, चोचीत काडी. मी हजार टोप्या फोडल्या असतील, एकीवरचं पाखरू पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, ठेव. तेव्हा मला काय माहीत की एक ठेवला तर अठरा मागून येतील. आणि त्यांच्या मागून युसूफ येईल.

त्या दिव्याची वात वरखाली करायची किल्ली अडकली होती. सुभद्रा तो पदराखाली झाकून युसूफच्या दुकानात घेऊन गेली. मी तिला सोडायला गेलो होतो, टेम्पो चालू ठेवूनच बाहेर थांबलो. पाच मिनिटांचं काम. अर्धा तास झाला, डिझेल जळतंय, ही येत नाही. आत जाऊन पाहिलं तर दोघं टोपीवर डोकं घालून बसलेली. युसूफ सांगत होता, "भाभी, बोट फिरवून पाहा. फूल हाताले लागते का नाही? जराक उभार. म्हंजे हातानं काढेल हाये अन् मंग भट्टीत भाजेल हाये. छापील असतं तं बोटाले काहीच नसतं लागलं. अन् दोन पानं कधी सारखी नाही राहत. मानसाचा हात हाये शेवटी."

सुभद्रा बोट फिरवत होती. डोळे मिटून. तिचा तो चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता.

"अन् एक गोठ," युसूफ म्हणाला, "आत दिवा लावल्याबिगर टोपी पाह्यली असं म्हनाचंच नाही. उजेडाबिगर ते निस्तं भांडं हाये."

घरी येताना ती मला हेच सांगत होती. जसंच्या तसं. उजेडाबिगर ते निस्तं भांडं हाये. आता खरं सांगतो, युसूफ काही फार शिकलेला नव्हता. सहावी. पण त्याच्या तोंडात बोलणं होतं. माझ्या तोंडात भाव होता. लोखंडाचा, पितळेचा, ॲल्युमिनियमचा.

मग त्या हिवाळ्यात आम्ही तिघं फिरलो. भंगाराच्या फेरीवर मी निघालो की सुभद्रा म्हणायची, मी येते, आणि युसूफभाऊंना घ्या, ते ओळखतील चांगला दिवा. मोताळा, राजूरचा घाट, बुलढाणा, पुढं धाड. कधी चिखलीवरून मेहकरच्या बाजूला, हिवरा आश्रमापर्यंत. सकाळी निघताना काचेवर दव असायचं. दोन्ही बाजूंनी कपाशी फुटलेली. मध्येच हुरड्याच्या आगटीचा धूर आडवा यायचा आणि टेम्पोत भरून राहायचा. घाटात सागाची पानं रस्त्यावर वाजत पळायची.

टेम्पोच्या केबिनमधे तीन माणसं मावतात. मी पहिल्याच दिवशी युसूफला म्हणालो, "मागं बस. पुढं जागा नाही." त्यानं पुढच्या सीटकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मागं पत्र्यांमधे जाऊन बसला. मला बरं वाटलं. जाताना सुभद्रा माझ्या शेजारी बसली. येताना एक दिवा मिळाला होता. काचेची टोपी पत्र्यांमधे ठेवता येत नाही, मांडीवर धरावी लागते. सुभद्रा म्हणाली, "भाऊ एकटे कसे धरतील टाकी अन् टोपी? मी जातो मागं."

आणि ती मागं गेली. पुढची दोन माणसांची जागा रिकामी, मी एकटा गाडी चालवतोय, आणि मागून दोघांचं हसणं येतंय. खड्डा आला की ती ओरडायची, "हळू चालवा ना हो, काच हाये!" मी माणूस होतो, ते लक्षात नव्हतं कुणाच्या.

धाडच्या बाजाराचा दिवस मला चांगला आठवतो. मिरच्यांचे ढीग, शिंका, जीपवाल्यांची ओरड. बाजार सोडून गल्लीत शिरलो तर एका म्हातारीच्या अंगणात मिरचीचं रोप होतं आणि रोपाभोवती पालथी घातलेली काचेची टोपी. चिखलानं भरलेली. युसूफनं लांबूनच ओळखली.

"आजी, हे कुठलं?" सुभद्रानं विचारलं.

"सासूच्या काळचं हाये माय. सासू अडत्याकडे कामाले होती. दिवा मोडला, हे राह्यलं. रोपाले घालतो. शेळी तोंड नाही घालत मंग."

"देता का आमाले?"

"तुले देलं तं रोपाले काय घालू? तुह्या नवऱ्याले उभा करू?"

सगळी गल्ली हसली. युसूफ पण हसला. मग त्यानं माझ्या टेम्पोतून तार काढली, पक्कड काढली आणि तिथंच उकिडवं बसून रोपाला एक गोल जाळी विणून दिली. सुबक. म्हातारीनं जाळी हलवून पाहिली, शेळीला बोलावून पाहिलं, आणि टोपी देऊन टाकली. वर युसूफच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. तार माझी, टेम्पो माझा, डिझेल माझं.

टोपी धुतली तर तिच्यावर एक गाव निघालं. उतरत्या छपरांची घरं, एक गाडी, वाकलेली झाडं. आणि सगळ्यावर पांढरं. छपरावर पांढरं, फांद्यांवर पांढरं, रस्त्यावर पांढरं.

सुभद्रा म्हणाली, "पाहा ना, केवढा कापूस! छपरावर बी भरून ठेवेल हाये. अन् झाडावरचा वेचाचा राह्यलाच लोकायचा."

युसूफ इतका हसला की त्याला ठसका लागला. "भाभी, बर्फ हाये तो. विलायतेत पडते."

"बर्फ झाडावर कसा राहीन? वितळून नाही का जाईन? कापूसच हाये."

"बरं, कापूस हाये," युसूफ म्हणाला.

मलाही तो कापूसच वाटला होता. पहिल्या नजरेला. माझं बालपण कपाशीच्या सरीत गेलं, पांढरं म्हणजे दुसरं काय असणार? पण हसतील म्हणून मी बोललो नाही. हेच मला आजपर्यंत लागतं. तिच्यासारखंच मला दिसलं होतं. युसूफला दिसलं नव्हतं. एकदा तोंड उघडून म्हणालो असतो, होय सुभद्रा, कापूसच आहे, तर त्या दिवशी मागच्या फळीवर माझी जागा असती. मी म्हणालो, "चला, उशीर होऊन राह्यला."

परतीला सुभद्रा मागून म्हणत होती, मला ऐकू येत होतं, "पाखरं काढली, गुलाब काढले, विलायतेचा बर्फ काढला. आपल्या कपाशीचं फूल काऊन नाही काढलं कोनं? ते काय कमी हाये का?"

पुढचे दहा दिवस युसूफचं दुकान अर्धं बंद होतं. अकराव्या दिवशी तो एक दिवा घेऊन घरी आला. कोरी दुधी टोपी त्याच्याकडं पडून होती, तिच्यावर त्यानं कपाशी काढली होती. ज्यानं कपाशी पाहिली आहे त्यालाच कळेल. तिचं फूल पहिल्या दिवशी पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. एकाच झाडावर आजचं आणि कालचं शेजारी शेजारी दिसतं. त्यानं तसंच काढलं होतं. पिवळी फुलं, गुलाबी फुलं, खाली एक मिटलेलं बोंड, एक फुटलेलं. त्यासाठी तो कुणाच्या तरी शेतात जाऊन बसला होता म्हणे.

"भाभी, सांभाळून," तो म्हणाला. "माह्यापाशी भट्टी नाही. डब्यातला रंग हाये, कच्चा. पानी लावू नका. निस्तं कोरडं फडकं."

सुभद्रानं मला बजावलं, "ऐकलं का? पानी लावाचं नाही."

ऐकलं होतं. ते लिहून ठेवतो. मी ऐकलं होतं.

त्या संध्याकाळी तिनं तो दिवा लावला आणि समोरची भिंत पिवळी-गुलाबी झाली. ती भिंतीला पाठ लावून बसली. फुलांचा रंग तिच्या कपाळावर, पांढऱ्या केसांवर. मी म्हणालो, भाकर टाक. ती म्हणाली, टाकते, थांबा. मला आठवतं, तीस वर्षांत मी तिला काय आणून दिलं होतं? लुगडी दिली, डोरलं दिलं, सगळ्यांचे नवरे देतात ते दिलं. दहा दिवस बसून मी तिच्यासाठी काहीच केलं नव्हतं. मला करता येईल असं काही सुचलंच नव्हतं.

संक्रांतीनंतर ती चार दिवस वनिताकडं गेली. पहिल्या दिवशी मी दिव्याकडं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी घमेल्यात गरम पाणी घेतलं, धुण्याचा सोडा टाकला, टोपी बुडवली आणि अंगणात बिडी ओढत बसलो. बिडी संपली, दुसरी संपली. रंगाला पोपडे आले. नारळाच्या काथ्यानं घासलं, राहिलेलं नखानं काढलं. पितळ उजळायला बसावं तसा मन लावून बसलो होतो. पिवळं पाणी झालं, मग गुलाबी झालं, मग दोन्ही मिळून मातीसारखं झालं. मोरीत ओतलं. टोपी पांढरीशुभ्र. अंड्यासारखी. आणि मला वाटलं होतं तसं बरं काही वाटलं नाही. तिथंच बसून राहिलो.

सुभद्रा आली. पिशवी ठेवण्याआधी तिचं तिकडं लक्ष गेलं.

मी आधीच बोललो. "मळ होता. धुतलं. रंग कच्चा होता तं मी काय करू?"

ती टोपीजवळ गेली. फिरवून पाहिली. मग माझ्याजवळ आली, माझा हात हातात घेतला आणि अंगठा उजेडाकडं केला. नखात पिवळं होतं.

"हे काय?"

"हळद."

"बरं," ती म्हणाली. "जेवले का?"

एवढंच. संध्याकाळी तिनं ती कोरी टोपी दिव्यावर चढवली आणि तोच दिवा सगळ्यात आधी लावला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. लाइट नियमित झाली, रेशनचं रॉकेल बंद झालं, बाकीचे दिवे नुसते शोभेला उरले, तरी कुठून कुठून तेल मिळवून ती हा एक दिवा लावायची. पुढच्या टेबलावर, माझ्या खुर्चीच्या समोर. पंधरा वर्षं. मी समजलो, ही शिक्षा आहे. रोज दिवेलागणीला मला माझं काम दाखवते. मी मान खाली घालून जेवायचो. कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कबूल करावं लागलं असतं.

युसूफ त्यानंतरही यायचा, बर्नर दुरुस्त करायचा, पण मी घरी असलो की दारातूनच. टोपीचा विषय त्यानं कधी काढला नाही. तो येतो म्हटलं की ही तो दिवा आतल्या खोलीत ठेवते, असं मी धरून चाललो होतो. बाकी मला ठाऊक नव्हतं.

तर शुक्रवार. दुपारपासून मी दिवे मांडत होतो. माझ्या डोक्यात एक गोष्ट आली होती आणि ती सांगायला मला लाज वाटते. एका टोपीवर पिवळे गुलाब आहेत, मधे दोन-चार गुलाबी. मोतीबिंदूच्या डोळ्यांना पिवळं-गुलाबी दिसलं म्हणजे झालं. म्हातारा खूश होऊन जाईल, माझी अब्रू राहील. कोरा दिवा मी उचलून कपाटामागं ठेवला आणि गुलाबाचा पेटवून टेबलावर ठेवला.

सून त्याला रिक्षातून घेऊन आली. फार वाळला आहे. हात धरून आत आणला, खुर्चीत बसवला. सून म्हणाली, "मी दवाई घेऊन येतो," आणि गेली.

"दिसते का उजेड?" मी विचारलं.

तो पुढं वाकला. दिव्यापासून वीतभर अंतरावर तोंड नेलं. बराच वेळ पाहिलं. मग टोपीच्या खालच्या काठाला, जिथं काच तापत नाही, तिथं एक बोट लावलं आणि हळूच फिरवलं.

"भाऊ," तो म्हणाला, "हे तं गुलाब हायेत. भट्टीतले."

मी दिवा माझ्याकडं ओढला.

"माह्ये डोळे गेले, बोट नाही गेलं." आणि हसायला लागला. तसाच, ठसका लागेपर्यंत. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"युसूफ," मी म्हणालो, "तुह्यी कपाशी नाही राह्यली. म्या धुतली. सोड्याच्या पान्यात. मले ठाऊक होतं कच्चा रंग हाये ते."

म्हणून टाकलं. पंधरा वर्षांचं बोचकं एका दमात खाली.

"ठाऊक हाये मले," तो म्हणाला.

"काय ठाऊक हाये?"

"तुमी धुतली ते. भाभीनं त्याच हप्त्यात सांगतलं. दुकानावर आली होती. म्या म्हनलो, भाभी, घेऊन या, पुन्हा काढून देतो. अबकी बार पक्का रंग आनतो जळगावहून. तं नाही म्हने."

"काऊन?"

"म्हने, राहू द्या भाऊ, कोरीच राहू द्या. त्या मानसानं आजवर जे आनलं ते घरासाठी आनलं. हे एक काम त्यानं फक्त माह्यापायी केलं. म्या म्हनलो, भाभी, नुकसान झालं ना पन. तं हसली. म्हने, नुकसान तुमचं झालं भाऊ, माह्यं नाही झालं."

बाहेरून कुणाची तरी मोटारसायकल गेली. गुलाबाच्या टोपीतली वात जराशी वर चढली होती, धूर धरत होती. मी किल्ली फिरवून ती खाली केली.

"मंग आज तू काय पाहाले आला?"

"तुमी धुतेल टोपी पाहाले आलो. काढेल तं म्या पाह्यली होती, म्याच काढली होती." त्यानं बोट सदऱ्याला पुसलं. "खरं सांगू का भाऊ? म्या लय जळलो तुमच्यावर. दहा दिवस मान मोडून म्या रंगवलं. तुमी अर्ध्या घंट्यात धुतलं. अन् तिनं तुमचंच पुढं ठेवलं."

मी उठलो. कपाटामागून कोरा दिवा काढला, टेबलावर ठेवला, पेटवला. गुलाबाचा विझवला. खोलीत नुसता पांढरा उजेड झाला, कशाचाही रंग नसलेला. दोघंही त्याच्याकडं पाहत बसलो. त्याला किती दिसलं मला माहीत नाही. तो मान हलवत होता.

मला आधी बरं वाटलं. छातीवरचा दगड कुणी बाजूला ठेवावा तसं. रोज संध्याकाळी ती मला मारत नव्हती. रोज संध्याकाळी ती मला समोर बसवून खूश होत होती आणि मी मान खाली घालून भाकर खात होतो. हे कळलं आणि दुसऱ्याच क्षणी आतून पेट घेतला. हे तिनं मला का नाही सांगितलं? मी त्याच घरात होतो. त्याच ताटाशी होतो. पंधरा वर्षं. आणि सांगितलं कुणाला, तर याला. बसस्टँडवरच्या स्टोव्हवाल्याला. माझ्याबद्दलची, माझ्या बायकोच्या मनातली गोष्ट या माणसाच्या खिशात पंधरा वर्षं होती.

मग मला भीती वाटली. आणखी काय काय असेल त्याच्यापाशी? आणि पुढच्या आठवड्यात त्याचं ऑपरेशन. वय झालेलं. हा गेला तर ते सगळं याच्याबरोबर जाणार.

सून परत आली, दारात उभी राहून म्हणाली, "चला अब्बा, रिक्षा उभी हाये."

युसूफ खुर्चीचे हात धरून उठायला लागला. मी त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवला. जरा जोरातच.

"रिक्षा जाऊ दे बाई," मी सुनेला म्हणालो. "मी सोडतो त्याले. टेम्पो हाये. पुढं बसवून सोडतो."

मग त्याच्यासमोर पाटावर बसलो. "बोल," म्हणालो. "आनखी काय म्हनत होती?"

"लय हाये भाऊ. किती सांगू?"

"सगळं सांग."

तो बोलायला लागला. धाडच्या म्हातारीबद्दल ती काय म्हणाली होती, वनिताच्या लग्नातल्या माझ्या फेट्याला ती काय म्हणाली होती, माझ्या घोरण्याला तिनं काय नाव ठेवलं होतं. प्रत्येक वाक्याला मी जळत होतो. आणि तो श्वास घ्यायला थांबला की म्हणत होतो, मंग? पुढं?